जावयाच्या हातचं बटण

आमच्या घरी जावई यायचा असला की आई आधी कुत्र्याला बांधायची आणि मग मला. कुत्र्याला दोरीने, मला कामाने. अंगण सारव, पाटा धू, शिंगाडे उकड, लाखोळीची डाळ वाट, आणि हे सगळं करताना तोंड बंद ठेव. ताईचं लग्न झालं त्या वर्षीपासून हा नेम सुरू झाला आणि मी तो एक दिवसही मनापासून पाळला नाही. आज केस पिकायला लागले तरी कोणाच्या घरी जावई आला म्हणून चाललेली धांदल पाहिली की माझं डोकं फिरतं. लोक म्हणतात, शाळेत शिकवता तुम्ही, एवढा राग बरा नव्हे. त्यांना काय माहीत, हा राग मी किती जपून ठेवला आहे.

आंबागडाच्या पायथ्याशी आमचं गाव. दिवाळी उलटली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. मंडई म्हणजे एका दिवसाची जत्रा. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला, त्या दिवशी लेकीबाळी, जावई, व्याही, सगळे पाहुणे गावात. दिवसभर गोडीशेव आणि पानफुटाण्यांची दुकानं, रात्री नाटक. धान कापून झालेलं असायचं आणि बांध्यांमधून, म्हणजे बांध घातलेल्या त्या धानाच्या तुकड्यांमधून, जागोजागी पुंजणी उभी असायची. कापलेल्या पेंढ्या लोंब्या आत करून गोल रचल्या की झालं पुंजणं. मळणी होईस्तोवर वर्षाचं खाणं त्यात बसलेलं असतं. आमचं मोठं पुंजणं विकायच्या धानाचं होतं आणि त्याच्यापासून दूर एक लहान होतं, घरच्या चिन्नोराचं, म्हणजे बारीक, सुवासिक तांदळाचं. चिन्नोर शिजायला लागला की वास गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. आई बाहेरच्या माणसाला सगळं काही द्यायची, चिन्नोर मोजूनच द्यायची.

जावई म्हणजे हेमराजभाऊजी. वरठीच्या पोलाद कारखान्यात मेन्टेनन्सला. नोकरीवाला जावई मिळाला म्हणून बाबांची छाती जी फुगली ती शेवटपर्यंत खाली बसली नाही. दिसायला वाईट नव्हते, बोलायला तर फारच गोड. पण ताई काही बोलायला लागली की हा माणूस तिच्याकडे न पाहता तळहात नुसता वर करायचा आणि ताई वाक्याच्या मधेच थांबायची. लग्नाआधी आमची ताई गल्लीत भांडण जिंकून यायची. मी तो हात पहिल्यांदा पाहिला तेव्हाच ठरवलं की या माणसाशी माझं जमायचं नाही. साळी, म्हणजे मेहुणी, म्हणून माझी वेणी ओढायचे, ‘काय वो, तुले कोण पसंत करीन?’ म्हणायचे, आणि घरातले सगळे खो-खो हसायचे. मीच तेवढी हसत नसे, म्हणून मी तिरसट.

मी तेव्हा तुमसरला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. कॉलेजात रॉकेट बनवण्याचं शिबिर झालं होतं. खेळण्यातलं नव्हे, पुठ्ठ्याच्या नळीचं, हलक्या लाकडाचे पंख असलेलं खरंखुरं उडणारं रॉकेट. त्याच्या पोटात मोटर बसते. मोटर म्हटल्यावर बाबांना विहिरीवरची आठवली, पण ही असते अंगठ्याएवढी जाड कागदी नळी, आत ठासून भरलेली दारू. खालून तिच्यात बारीक तार खुपसायची, तारेच्या टोकाला काडीपेटीच्या गुलासारखा थेंब असतो. लांबून तारेत वीज सोडली की थेंब पेटतो आणि मोटर सुटते. एका मोटरीचं रॉकेट तिथे सगळ्यांनीच उडवलं. शिबिरातून तीन उरल्या, त्या सरांनी माझ्या हातात ठेवल्या. म्हणाले, “तिन्ही एकाच रॉकेटला लाव, एकदम पेटव आणि नोंद लिहून आण. जमलं तर नागपूरच्या पुढच्या शिबिराला तुझं नाव देतो. पण मोकळ्या शेतात कर, घरच्या मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली.” सरांचा काही दोष नाही, आमच्या घरची मोठी माणसं त्यांनी पाहिलेली नव्हती.

तीन मोटरी एकदम पेटवणं वाटतं तेवढं सोपं नाही. एक जरी मागे राहिली तरी रॉकेट सरळ जात नाही, जी पेटली नाही तिच्या अंगाला लवतं. म्हणून सगळा जीव त्या पेटवायच्या डब्यात. शिबिरातला डबा चार पेन्सिल सेलवर चालायचा. एका तारेला पुरे, तिघींना पाजायला तेवढ्यात दमच नव्हता. बाबांनी शेतातलं झटका मशीन आणून दिलं. रानडुकरं येऊ नयेत म्हणून कुंपणाच्या तारेला लावतात ते. “डुक्कर उलटं पडते त्यानं, तुही वात नाही पेटत?” मी त्यांना पुष्कळ समजावलं की हे हिसका देतं, पण तो डोळ्याची पापणी लवावी एवढाच, त्याने तार तापत नाही. शिवाय ते आपल्या मनाने दर सेकंदाला झटका मारतं, थांब म्हटलं तर थांबत नाही. बाबांना ते पटलं नाही. हे यंत्र त्यांनी स्वतः विकत घेतलं होतं, तेव्हा त्याच्यात खोट कशी असेल!

शेवटी मी माझाच डबा केला. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, बाबांच्या मोटरसायकलची बॅटरी, जाड वायर. तिन्ही तारा वेगवेगळ्या जोडायच्या, म्हणजे एक आधी जळून तुटली तरी बाकीच्या दोघींचं काही अडत नाही. जुन्या कपाटाचं कुलूप काढून त्यात बसवलं. किल्ली घातल्याशिवाय बटण मुकं, आणि किल्ली माझ्या गळ्यात. आणि प्रत्येक तारेला आपला एक दिवा. तार नीट जोडलेली असेल तर तिचा दिवा लागणार, नाहीतर नाही. आधी मी मोटरसायकलच्या इंडिकेटरचे दिवे लावले होते, तर नुसतं तपासतानाच दिव्यापुरत्या विजेने तार पेटली आणि आईच्या वाळत घातलेल्या लुगड्याला भोक पडलं. मार खाल्ला, पण अक्कल आली. मग खेळण्यातले बारीक दिवे लावले, ते अगदी कमी विजेवर लागतात. तीन दिवे, तीन तारा, एक किल्ली. मी त्या डब्याकडे पाहत ओट्यावर तासन्‌तास बसायची. मला वाटतं, त्यानंतर आयुष्यात मी एवढी नीटनेटकी दुसरी वस्तू केली नाही.

मंडईच्या आदल्या दिवशी भाऊजी आले. मोटरसायकलच्या मागे ताई, ताईच्या एका हातात जिलेबीची पिशवी आणि मांडीवर एक पिवळा डबा. ताईने फोनवर कौतुकाने सांगितलं होतं, आमची वंदू रॉकेट उडवून राहिली. झालं, जावयाने कारखान्यात बसून स्वतःचं मशीन बनवलं. पिवळा रंग, क्रेनला असतं तसं कोंबडीच्या अंड्याएवढं लाल बटण, वर एक हिरवा दिवा. बॅटरी दमदार होती, वायर उत्तम होती, हे मी नाकारत नाही. त्या माणसाला काम येत होतं, म्हणून तर माझा राग अधिक. पण किल्ली नव्हती, आणि तिन्ही तारांना मिळून दिवा एकच.

“भाऊजी, तीन तारा आहेत,” मी म्हटलं. “दोनच जुळल्या आणि तिसरी सुटली, तरी तुमचा दिवा लागणारच. खोटं बोलते तो दिवा.”

त्यांनी माझा बिस्किटांचा डबा हातात घेतला, उलटा केला, हलवून पाहिला. “तीन तीन दिवे कायले वो? तुह्या लग्नाचा मांडव आहे का?” सगळे हसले. बाबा सर्वांत मोठ्याने हसले आणि म्हणाले, “जवाईबापू आले तर बटण त्यायच्याच हातून. मान असते तो. पाहुण्यायच्या मंधात पोरगी बटण दाबीन आणि जवाई पाहत राहीन, शोभते का?”

मी स्वयंपाकघरात जाऊन भांडले. आई वडे तळत होती. कढईचा तो चर्र आवाज आणि लाखोळीच्या डाळीचा खमंग वास आला की आजही ते वाक्य मला ऐकू येतं. झारा हातात धरून, माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, “तू बोलशीन अन् मोकळी होशीन. तुह्या ताईले त्याच घरी रायचं आहे. उद्या त्यायचं काही चुकलं तरी तोंड उघडू नोको.” ताई तिथेच शिंगाडे सोलत बसली होती. तिने मान वर केली नाही. तिच्या मनगटाजवळ एक डाग होता, भाजल्याचा असेल. मी विचारलं नाही, कारण मला भांडायचं होतं आणि भांडणाऱ्याला दुसऱ्याचं मनगट दिसत नाही. हे मी स्वतःला कधी माफ केलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकून गाव बांधीत जमा झालं. बाबांनी दोन दिवसांपासून येईल त्याला सांगून ठेवलं होतं. उभं करायची जागा मी पायांनी मोजून काढली होती, मधल्या बांधीत, दोन्ही पुंजण्यांपासून लांब. रॉकेट सळईवर उभं केलं, तिन्ही तारांना चिमटे लावले, प्रत्येक चिमटा ओढून पाहिला. माझा डबा घरीच ठेवला होता, म्हणजे ठेवायला लावला होता. किल्ली मात्र गळ्यात होती, उगीचच.

मी वायर पसरत तीस पावलं मागे गेले. वळून पाहते तर भाऊजी रॉकेटजवळ. त्यांना फोटो हवा होता आणि फोटोत किल्ला यायला हवा होता. माझ्या जागेवरून आंबागड झाडाआड जात होता. म्हणून त्यांनी सळईसकट सगळं उचललं आणि आठ-दहा पावलं बाजूला, चिन्नोराच्या पुंजण्याकडे नेऊन ठेवलं. मी ओरडले, पण ढोलकी वाजत होती. त्यांनी ताईला बाजूला उभं केलं, स्वतः कमरेवर हात ठेवला, आणि आमच्या चुलतभावाने त्यांच्याच मोबाईलवर फोटो काढला. तेवढ्यात मला दिसलं. उचलताना वायरीला ओढ बसली होती आणि तिसरा चिमटा सुटून खाली लोंबत होता. त्यावर ऊन चमकत होतं.

आता जे लिहिते ते आतापर्यंत कोणाला सरळ सांगितलेलं नाही. मी बोलू शकले असते. धावत जाऊन चिमटा लावायला तीस पावलांचंच तर अंतर होतं. मी गप्प राहिले ती आईने बजावलं म्हणून नव्हे. मला त्या माणसाची फजिती पाहायची होती. मला वाटलं, रॉकेट सळईवरून वाकडं सुटेल, मातीत तोंड खुपसेल, सगळं गाव हसेल आणि पहिल्यांदा हसू भाऊजींचं होईल. माझी नोंद जाईल, नागपूर जाईल, हे कळत होतं. तरीही. जिचा चिमटा सुटला ती मोटर पुंजण्याच्या बाजूला आहे एवढं मात्र माझ्या ध्यानात आलं नाही. म्हणजे जे मला सगळ्यांत आधी सुचायला हवं होतं, तेच.

भाऊजी माझ्याजवळ आले, डबा जोडला. हिरवा दिवा लागला. “पाहा,” त्यांनी सगळ्यांना दाखवलं, “लागला का नाही?” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी दिव्याकडे पाहत राहिले. बाबांनी मोजलं, पाच, चार, तीन. बटण दाबलं गेलं.

दोन मोटरी सुटल्या. रॉकेट माणसाच्या उंचीइतकं सरळ गेलं, मग कोणीतरी कान धरून वळवावं तसं लवलं आणि आडवं होऊन थेट पुंजण्यात शिरलं. शिरल्यावरही ते आत फुरफुरत होतं. क्षणभर काहीच झालं नाही. मग वाळलेल्या तणसाने पेट घेतला. बाया किंचाळल्या, माणसं धावली, शेजारच्या बोडीतून, म्हणजे लहान तळ्यातून, बादल्या आल्या, ओली पोती मारून मारून लोकांचे हात सोलले. आई एकटी पेंढ्या ओढून बाजूला फेकत होती, तिच्या भुवया जळाल्या. धान तडतडत होतं आणि लाह्या भाजल्याचा चांगला, गोड वास सगळ्या शिवारात पसरला होता. एवढ्या वाईट वेळेला एवढा चांगला वास यावा याचा मला संताप आला होता. अर्धं पुंजणं गेलं, अर्धं वाचलं.

पहिले बोलले ते भाऊजी. “रॉकेटच वाकडं बनवलं होतं तिनं. माह्या मशीनचा दिवा तर सगळ्यायनं पाहिला.”

सगळ्यांनी पाहिला होताच. बाबांनी काजळलेल्या हातांनी तोंड पुसलं आणि चार माणसांसमोर म्हणाले, “होय गा. पोरीचंच चुकलं.” त्या संध्याकाळी जावयाला कोंबडीचा रस्सा पहिल्या पाटावर वाढला गेला, आणि भुवया जळालेल्या आईने तो वाढला. पुढच्या आठवड्यात बाबा कॉलेजात जाऊन सरांना सांगून आले की पोरगी आता या भानगडीत पडणार नाही. नागपूरला दुसऱ्याच कोणाचं नाव गेलं. माझा बिस्किटांचा डबा आईने खिळे ठेवायला घेतला.

वाचलेलं चिन्नोराचं धान आम्ही मळलं आणि खाल्लं. त्याला धुराचा वास होता. धुतलं, वाळवलं, जुन्या धानात मिसळलं, वास गेला नाही. रोज दोन वेळा ताटात तो वास यायचा आणि बाबा घास घेताना माझ्याकडे पाहायचे. मी मान खाली घालून जेवायची, आणि लोंबणारा चिमटा मला भातात दिसायचा. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला भाऊजींचा जेवढा राग होता, त्याहून जास्त स्वतःचा होता. पण स्वतःवरचा राग काढायला जागा नसते, म्हणून मी तो सगळा त्यांच्या खात्यावर टाकत गेले.

होळीला ताई आणि भाऊजी आले. सोबत एक मोठी फ्रेम. मंडईचा तो फोटो भाऊजींनी मोठा करून आणला होता. किल्ला, रॉकेट, कमरेवर हात ठेवलेले जावई आणि शेजारी ताई. एवढं सगळं झाल्यावर हा फोटो फ्रेम करून सासऱ्याच्या घरी आणायला कसलं काळीज लागत असेल! बाबांनी तो लगेच देवळीच्या वर टांगला. आईने जावयासाठी दुकानातून वेगळा तांदूळ आणला होता, त्याचा भात वेगळ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, ठेवला होता. वाढायला मी होते. मी गंज बदलला.

भाऊजींनी पहिला घास घेतला आणि थांबले. “हा कसला वास आहे?”

“तुमच्या बटणाचा,” मी म्हणाले. “आमी रोज खाऊन राहिलो, तुमी आज खा. तिसरा चिमटा निघाला होता, भाऊजी. तुमी उचललं तवा. मी डोळ्यानं पाहिला.”

बाबा अर्धे उठले. भाऊजींनी तो तळहात वर केला, आमच्या ताईला गप्प करायचा तोच. “पाहिला होता तर काहून नाही बोलली? खोटं बोलते. दाखव कुठं निघाला.”

मी भिंतीकडे बोट केलं. त्यांनीच मोठा करून आणला होता, त्यामुळे शोधायलाही लागलं नाही. रॉकेटच्या खाली दोन तारा वर गेलेल्या, तिसरी मोकळी, तिचा चिमटा मातीपासून वीतभर वर लोंबलेला. बाबा जवळ गेले, चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग परत येऊन पाटावर बसले आणि भाऊजींना म्हणाले, “जेवा, जवाईबापू. भात निवून राहिला.”

एवढंच! त्या एका वाक्याने मी बाबांपासून जी तुटले ती त्यांना खांदा देतानाही जुळले नाही. पण मी तेव्हा बाबांकडे पाहत नव्हते. मी अजून फोटोकडेच पाहत होते. भाऊजी कॅमेऱ्याकडे बघून हसत होते, मागची पोरंसोरंही कॅमेऱ्याकडेच बघत होती. ताई तेवढी नव्हती. ताईची मान खाली होती आणि तिची नजर बरोबर त्या सुटलेल्या चिमट्यावर होती. ती माझ्यापेक्षा जवळ उभी होती, हातभरावर. नुसतं वाकली असती तरी पुरलं असतं.

मी गंज घेऊन स्वयंपाकघरात गेले. ताई चुलीसमोर पाठमोरी बसली होती. बाहेरून बाबांचं भुरकणं ऐकू येत होतं.

“फोटोत मले पाहिलं तू?” तिने मागे न वळता विचारलं.

“पाहिलं.”

तिने आपलं ताट माझ्याकडे सरकवलं. दुकानच्या तांदळाचा गंज तिच्या हाताशीच होता. तो तिने झाकून ठेवला.

“तुह्या हातच्या गंजातलाच वाढ मले,” ती म्हणाली. “जास्त वाढ.”